पपईच्या पानांची तिवाइवाइ

ओनेरोआ, मांगाइया
मंगळवार, दुपार

प्रिय मेरे,

या पत्राची पहिली दोन पानं मी फाडून टाकली. हे तिसरं. शाळा सुटली, पोरं पेरू पाडायला पळाली, आणि मी रिकाम्या वर्गात मुलांच्या बाकावर बसून लिहिते आहे, कारण घरी गेले की लिहिणं होणार नाही. तुला वाटेल, ताईला अचानक पत्राची हौस कुठून आली, दर रविवारी फोन तर होतोच. पण फोनवर आपण काय बोलतो सांग बरं. मी तुला वारा किती सुटलाय ते सांगते, तू मला ऑकलंडच्या थंडीचं सांगतेस, मागून तुझा मानावा काहीतरी पाडतो, तू त्याच्यावर ओरडतेस, आणि आपण दोघी हसून फोन ठेवतो. तू बेट सोडून गेलीस त्याला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षं आपण हसूनच फोन ठेवत आलो आहोत. कागदाचं बरं असतं, तो मध्येच 'बरं मग, ठेवू का' म्हणत नाही.

आधी घरचं सांगते. तुझे भावजी ठीक आहेत. गुडघा दुखतो म्हणून तारोच्या शेतातल्या चिखलात उतरायला कुरकुर करतात, पण समुद्र जरा शांत दिसला की त्याच गुडघ्यानं खडकांवरून टणाटण उड्या मारत गळ टाकायला जातात. मामंजींना आता आपलं आपण उठता येत नाही. सकाळी मी डुकरांना नारळ फोडून घालते, मग मामंजींना पुसून, सदरा बदलून पडवीतल्या खुर्चीत बसवते, उकडलेला तारोचा कंद कुस्करून भरवते, आणि घंटा व्हायच्या आत धावत शाळेत. माझ्या वर्गात यंदा अकरा मुलं आहेत. तू आणि मी शिकत होतो तेव्हा एका बाकावर चौघी बसायचो, आठवतं? आता प्रत्येकाला एक बाक देऊनही वर्ग मोकळा दिसतो. दुपारी चिखल, नाहीतर कपडे, नाहीतर देवळातल्या गाण्याची तालीम. दिवस कधी उगवतो नि कधी मावळतो, समजत नाही.

एवढ्यात शिवायला वेळ कुठून काढतेस, असं तू मागे विचारलं होतंस. मी काढत नाही गं, तो सांडलेला असतो, मी वेचते. माझ्या पिशवीत दुधाच्या पावडरचा एक डबा असतो, त्यात दोन सुया, अंगुस्तान, छोटी कातरी आणि चार-पाच लड्या. मामंजींचा एक घास चावून होईपर्यंत माझे सहा टाके होतात. विमानाच्या पट्टीवर कोणाला आणायला गेले आणि विमान उशिरा आलं, तर मला आनंदच होतो. मालाचं जहाज प्रवाळाबाहेर उभं असतं, होड्या पीठ-साखर घेऊन एकेक करून आत येतात, सगळे उन्हात वैतागून उभे असतात, आणि मी भिंतीच्या सावलीत बसून एका पानाची अर्धी कड संपवते. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र तीन वाजता काइरांगीमावशीच्या ओसरीवर आम्ही सगळ्या जमतो. त्या दोन दुपारी माझ्या हक्काच्या. घरी काहीही उलथापालथ होवो, तुझे भावजीसुद्धा त्या दिवशी मला चहा मागत नाहीत.

आज मंगळवार आहे आणि मी तिकडे गेलेले नाही. का गेले नाही, ते सांगते, पण क्रमानं सांगू दे.

मागच्या वर्षी मी तुझ्याकडून हिरव्या दोऱ्याच्या अकरा छटा मागवल्या होत्या. तू दुकानात तासभर उभी राहून निवडल्यास आणि फोनवर म्हणालीस, "ताई, जंगल शिवतेस की काय?" मी म्हणाले, शाळेच्या नाटकाचा पडदा करायचा आहे. पडदा-बिडदा काही नव्हता, मेरे. नाटकही नव्हतं. तू पाठवलेला तो प्रत्येक दोरा एका तिवाइवाइत गेला आहे. पांढऱ्या मोठ्या चादरीवर गडद हिरवी पपईची पानं, मध्यभागी देठांची चांदणी, चारी बाजूंनी फुलं. वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर जी उभी राहिली असेल, तीच.

आता तुला तो फोन आठवेल. गेल्या वर्षीचा जुलै. तू किती खुशीत होतीस. म्हणालीस, मानावाचे जन्मापासूनचे केस आता कमरेपर्यंत आलेत, लोक त्याला मुलगी समजतात, तर पुढच्या वर्षीच्या नाताळात त्याला घेऊन येते, केस तिथेच कापायचे, आईच्या अंगणात, तिच्या थडग्याशेजारी खुर्ची मांडून. आणि मग म्हणालीस, "खुर्चीवर माझी पपईची तिवाइवाइ घालू या, आईनं माझ्यासाठी केलेली. त्याची आजी त्याला भेटली नाही, निदान तिच्या हातच्या कापडावर तर बसेल. पेटीतच आहे ना गं?" मी म्हणाले, "पेटीतच आहे." हे इतकं पटकन आणि इतक्या सहज तोंडातून गेलं, की माझं मलाच नवल वाटलं. तू फोन ठेवलास. पेटीत तुझी तिवाइवाइ नव्हती. पेटीत आईचे दोन झगे आणि वाळवीचं औषध होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काइरांगीमावशीकडे गेले. म्हातारी ओसरीत पाय पसरून अळूच्या पानांचे देठ काढत बसली होती. मी म्हणाले, "मावशी, आईनं मेरेआनासाठी केली होती तशी एक मला बेतून दे." तिनं मान वर केली. "तशी म्हणजे?" "अगदी तशीच. पानाला पान." तिनं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला तिच्या कोंबड्या मोजाव्या लागल्या. मग म्हणाली, "कापड आण." बाकी काही विचारलं नाही. तिला विचारायची गरज नव्हती, तेही पुढे येईल.

कापड रारोटोंगाहून यायला दोन महिने गेले. ते आल्यावर तिनं ते धुतलं, इस्त्री केलं, आठ पदरी घडी घातली आणि जमिनीवर ठेवून नुसती बघत बसली. माझ्याकडे तुझ्या तिवाइवाइचा एकच फोटो आहे, दोरीवर वाळत घातलेली, आणि त्यातही अर्ध्यात मीच उभी. मी तो पुढे केला तर तिनं हातानं बाजूला सारला. "तुझं थोबाड बघून काय करू?" म्हणाली. पेन्सिल नाही, खडू नाही. डोळे जरा मिटले, कातरी घेतली आणि कापत सुटली, थांबली ती टोकालाच. आपल्या आईच्या कातरीशेजारी चाळीस वर्षं बसलेली बाई ती. घडी उलगडली, आणि पानं एकामागून एक उघडत गेली. मेरे, मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, त्या वेळी मला वाटलं आपण स्वयंपाकघरात ओट्याखाली लपलो आहोत आणि आई बाहेर कापड उलगडते आहे.

आम्ही सातजणी होतो. पहिल्याच दिवशी पोकोनं, तीच पाववाली, अजून तशीच तोंडाळ आहे, कापड बघून विचारलं, "अगं ही तर तुझ्या आईची, रुताची पपई. रुताला जाऊन सहा वर्षं झाली, ती परत कशाला काढली?" मी खाली बघून सुई ओवत राहिले. काइरांगीमावशी म्हणाली, "पपई कोणाच्या बापाची नसते. शिव मुकाट्यानं." पोको मुकाट्यानं शिवते थोडीच. पण त्या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही. लहान बेटावर माणसांना सगळं माहीत असतं, आणि काय विचारायचं नाही तेही माहीत असतं.

सुरुवातीला मी घाबरून शिवत होते. तुझ्या डोळ्यांना फसवायचं होतं ना. तुला आठवत असेल, आई डावरी होती, तिचे टाके डावीकडे कलायचे. मग मीही डाव्या हातानं शिवायला लागले. तीन पानं तशी केली. बोटांची चाळण झाली, पानं वेडीवाकडी, जशी काही वादळातून आलेली. पोकोनं एक पान उचलून उन्हात धरलं आणि म्हणाली, "तेकुरा, तू हे पायानं शिवलंस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी जाऊन ती तिन्ही पानं उसवली. चौथ्या पानापासून मी माझ्या हातानं, माझ्या पद्धतीनं शिवायला लागले. मनाशी म्हटलं, इतकं निरखून कोण बघतंय. हा बहाणा होता. खरं म्हणजे मला ते बरं वाटायला लागलं होतं.

ते बरं वाटणं तुला कसं सांगू. तू शिवत नाहीस, तुला सुईचा कंटाळा, आई तुला 'दोरा गिळणारी' म्हणायची. पण असं समज, की दुपारी तीनचं ऊन आहे, ओसरीवर चटई आहे, सात बायका एका कापडाच्या काठाकाठानं बसल्या आहेत आणि कापड सगळ्यांच्या मांड्यांवर पसरलेलं आहे. बोलणं असतं, मग कमी होत जातं, मग नुसतं दोऱ्याचं सरसर ऐकू येतं. कड्यापलीकडे समुद्र. कोणीतरी गुणगुणायला लागतं, दुसरी खालचा सूर धरते, कोणालाच आपण गातोय हे कळलेलं नसतं. पानाची शीर काढताना मी फिक्या हिरव्यापासून सुरू करते, मग जरा पिवळट, मग गडद, मग अगदी काळपट, जिथे पानावर पान पडून सावली होते. अकरा छटांमध्ये मी इतकी हरवून जाते, की मी त्या झाडाखालीच बसलेली असते. तिथे मला वय नाही. कोणाला भरवायचं नाही, कोणाची वही तपासायची नाही. मग कोणीतरी म्हणतं, साडेपाच वाजले, आणि आम्ही सगळ्या झोपेतून उठल्यासारख्या एकमेकींकडे बघतो.

मामंजींना तर, चादर घरी आणली की, मी तिची एक बाजू मांडीवर पसरूनच भरवायची. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत, पण पानं ओळखू येतात. एके सकाळी त्यांनी हात पुढे केला, भरलेल्या पानावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "पाणी सोडलंस का गं?" त्यांना ते त्यांचं तारोचं शेत वाटलं. मी म्हणाले, सोडलं. तेव्हापासून रोज विचारायचे आणि मी रोज सोडलं म्हणायची, आणि ते इतके निवांत व्हायचे की उरलेला तारो न भांडता खायचे. तुझे भावजी म्हणाले, तुझी ती चादर संपली की म्हाताऱ्याला काय दाखवणार?

पाऊसकाळात, फेब्रुवारीत असेल, मी एका कोपऱ्यात एक कळी भरली. आईच्या नमुन्यात तिथे कळी नव्हती, नुसतं पांढरं होतं. काइरांगीमावशीनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे रुतानं केलं नव्हतं." मी म्हणाले, "माहीत आहे." "मग?" "इथे जागा होती, मावशी." पुढच्या शुक्रवारी बघते तर दुसऱ्या कोपऱ्यात तिनं स्वतः एक कळी भरलेली. मग पोकोनंही तिसऱ्या कोपऱ्यात एक भरली, ती कळी कमी आणि केळफूल जास्त वाटतं, पण राहू दिली.

गेल्या शुक्रवारी ती पुरी झाली. चौदा महिने लागले. आम्ही ती काइरांगीमावशीच्या अंगणात गवतावर पसरली आणि सगळ्या कडेनं उभ्या राहिलो. मी आयुष्यात बारा तिवाइवाइ शिवल्या असतील, लग्नांच्या, मुलांच्या, देवळाच्या. अशी एकही नाही. वारा आला की पानं खरोखर हलल्यासारखी दिसत होती, आणि मला इतका अभिमान वाटला की मी गवतावर बसून जवळचं एक पान हातानं सपाट केलं. मग बाकीच्या चहा करायला आत गेल्या आणि काइरांगीमावशी माझ्याशेजारी गवतावर बसली. म्हणाली, "आता धाकटीला काय सांगणार आहेस?" मी म्हणाले, "आईची आहे, असं सांगणार." तिनं कापडाची कड दुमडून नीट केली. म्हणाली, "सांग. तुझी बहीण, तुझं तोंड. पण मी त्या दिवशी येणार नाही. माझ्या हाताला सत्तर वर्षं झाली, त्यांनी केलेलं काम मला मेलेल्या बाईच्या नावावर घालवत नाही. रुता माझी जिवाची मैत्रीण होती, तरी नाही." आणि मग, उठता उठता, "आणि तुला तरी घालवतंय का?" एवढं बोलून ती चहा प्यायला गेली. म्हणून आज मी तिच्या ओसरीवर गेले नाही. उत्तर घेतल्याशिवाय तिच्यासमोर जायची मला लाज वाटते.

आता ते सांगते, जे सात वर्षं सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "थांबा, मी गुरुवारच्या विमानानं येते." आम्ही थांबलो. या उकाड्यात किती थांबता येतं तुला माहीत आहे. पाद्रीबाबा म्हणाले, उद्या सकाळीच करू, पण मी हट्ट धरला, मेरे येणार आहे. गुरुवारी अर्धं गाव पट्टीवर होतं. तुझ्यासाठी मी गळ्यातला हार केला होता, मोगऱ्याचा आणि तिआरेच्या पांढऱ्या फुलांचा. विमान उतरलं, सात माणसं बाहेर आली. मी दार बंद होईपर्यंत बघत राहिले, आणि मग वैमानिकाला जाऊन विचारलं, आत अजून कोणी झोपलं तर नाही ना. तो बिचारा आत बघून आला. कोणी नव्हतं. फोन नाही, निरोप नाही. घरी पोचले ती सरळ पेटीकडे गेले. आईला तिची स्वतःची लाल तिवाइवाइ हवी होती, ती तर तिच्याभोवती गुंडाळलेलीच होती. मी तुझी काढली. तू तिकडे कचेरीत जाऊन लग्न केलंस आणि आम्हाला आठवड्यानं कळवलंस, तेव्हासुद्धा आईनं ती कोणाला दिली नव्हती. दर पावसाळ्यानंतर उन्हात घालायची आणि म्हणायची, "ती येईल, तिच्या खांद्यावर मीच घालीन." ती मी घेतली आणि खड्ड्याशी गेले. काइरांगीमावशीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "ही नको, तेकुरा. ही पोरीची आहे." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीला हवी असती तर पोरगी आली असती." आणि आईच्या शवपेटीवर ती पसरून दिली, आणि पुरुषांनी माती लोटली. पहिलं फावडं पडलं ते पानांवर. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही लपवत नाही. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नाही.

दोन वर्षांनी तुमच्या गल्लीतली तेइना सुट्टीला इथे आली होती. पट्टीवरच भेटली. बोलता बोलता म्हणाली, मेरेआना आता बरीच सावरली, तेव्हा तिचं पोटातलं बाळ गेलं, आईच्या मरणाच्याच आठवड्यात, पाच दिवस दवाखान्यात होती, आम्हाला वाटलं तीही जाते. मी मान हलवली, जशी काही मला माहीत होतं. मी तिला माझ्या हातची केळी दिली, हसून निरोप दिला, घरी आले आणि आईच्या थडग्यावरचं गवत उपटत बसले. मेरे, तू मला ते का सांगितलं नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटतं, पुढच्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी तुला बोलूच दिलं नसेल. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण माझा आवाज कसा होता ते आठवतं. त्यानंतर मला ते बाळ मुलगा होता की मुलगी, एवढंसुद्धा विचारायचं धाडस झालं नाही. ते मी आता विचारते आहे. नाव ठेवलं होतंस का?

आणि हे सगळं आत्ता, विमानाची तिकिटं काढून झाल्यावर का लिहिते आहे, तर तू इथे येऊन खुर्चीसमोर उभी राहायच्या आत तुला कळलं पाहिजे म्हणून. अंगणात, सगळ्यांच्या देखत, पानावर हात ठेवून तू आईला हाक मारलीस आणि मी शेजारी गप्प उभी राहिले, तर त्यानंतर मला कोणाच्याच डोळ्यांत बघता येणार नाही. आईची तिवाइवाइ आता आईजवळ आहे, मी रागानं दिलेली. ती मला परत आणता येत नाही आणि तिच्या बदल्यात ही देते असंही मी म्हणत नाही, कारण तसा बदल होत नसतो. तू चिडशील. चिड. फोन करून ओरडायचं असेल तर ओरड, या वेळी मी मध्ये बोलणार नाही. यायचंच नाही असं वाटलं तर तेही मी समजून घेईन, नुसतं कळव. पण आलीस तर ही चादर तुझ्यासाठी घडी करून ठेवलेली असेल. मानावाला तिच्यावर बसवायचं की साध्या खुर्चीवर, ते तू ठरव, मी एका शब्दानं काही म्हणणार नाही. फक्त कोणी विचारलं, ही कोणाच्या हातची, तर मी खरं सांगणार आहे. काइरांगीनं बेतली, सातजणींनी भरली, आणि त्यातली बरीचशी पानं माझी आहेत. चौदा महिने मी ती भीतीनं सुरू करून आनंदानं शिवली, मेरे, आणि शिवताना रोज तू माझ्यासमोर बसलेली होतीस.

तुझीच,
ताई